उसना श्वास

गेटवरच्या नळीत फुंकर मारल्याशिवाय रसायन कारखान्यात कुणालाच पाऊल टाकता येत नसे. त्या नळीला सगळे ‘श्वासपारखी’ म्हणत. बेन्झीनची वाफ वर्षानुवर्षं अंगात मुरली की रक्ताचा कॅन्सर होतो, आणि त्याची चाहूल श्वासात आधीच उमटते. ती ही नळी ओळखायची. पूर्वी बेन्झीनच्या टाकीवरची माणसं पन्नाशी गाठायची नाहीत. नळी आली आणि मरणं थांबली. वेळीच सापडलं की औषधानं माणूस खडखडीत बरा होई.

आज याच टाकीवर काम करणाऱ्या दामोदर भोईरला कारखान्याच्या दवाखान्यात बोलावणं आलं.

“बसा,” डॉ. सोमणबाई म्हणाल्या. “तुमच्या नावावर खूण उमटली आहे. घाबरू नका, अगदी सुरुवात आहे.”

घाबरू नका म्हणे! दामोदरला बायको आठवली, याच टाकीनं खाल्लेला बाप आठवला. आणि एकदम ध्यानात आलं. अरे, आज आपण फुंकलंच कुठे!

नळी दारूही पकडायची. लग्नाच्या हळदीच्या रात्री प्यालेली उतरली नसली की दामोदरच्या वाटचं नामदेव ठाकूर फुंकायचा. तोही त्याच टाकीवरचा, पण दारूला न शिवणारा. आधी नळीला स्वतःचं कार्ड लावून फुंकायचा, मग दामोदरचं लावून. “दामू, तू नुस्ता उभा राव,” म्हणायचा. लग्नसराई सरली, दारू मात्र रोजची झाली, आणि नामदेवचं फुंकणंही.

म्हणजे दुखणं नामदेवचं! दामोदरचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याला स्वतःचीच किळस आली. नोकरी गेली तर गेली.

“मॅडम, तो श्वास माझा नाही. नामदेवचा आहे. त्याला वाचवा हो!”

बाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. “नामदेवला सकाळीच दाखल केलंय. त्याच्या नावावरही हीच खूण होती. कालपर्यंतचे त्याचे सगळे श्वास स्वच्छ आहेत, म्हणजे वेळेत सापडलं. बरा होईल तो.”

“देव पावला!”

“भोईर, तो तुमच्यासाठी कधीपासून फुंकतोय?”

“झाली असतील दोन वर्षं.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरची नळी पुढे सरकवली. “आता तुम्ही फुंका.”

दामोदरनं छाती भरून श्वास घेतला, पण तो सोडायचा धीर होईना. आपल्या नावावरचे आजवरचे स्वच्छ श्वास सगळे नामदेवचे होते. मग त्याच टाकीवर राबताना ही दोन वर्षं आपल्या रक्तात काय चाललं होतं?