पडद्यामागचा जमाव

आमचं थिएटर म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. आजोबांनी ते भाड्यानं घेतलं आणि खुर्च्या बंद पडलेल्या टॉकीजमधून गोळा केल्या. त्यामुळे एकाच रांगेत कुणी उंचावर बसायचं, कुणी खड्ड्यात. नाटक कुठलंही असो, आजोबा त्यात चिडलेला जमाव घालायचेच. तो दिसायचा नाही, मागच्या पडद्याआडून नुसता ओरडायचा. स्टेजवर ज्याला काम नाही, तो जमाव. एका फार्समध्ये तर दातांच्या दवाखान्यावरही जमाव चालून आला होता.

आजोबांनंतर मामा मालक झाले. नायकही तेच, नायिका माझी ताई. यंदाच्या नाटकात लोक ताईच्या जिवावर उठतात, "तिला आमच्या हवाली करा" म्हणतात आणि मामा मागच्या पडद्यातलं दार अडवून गरजतात, "नाही देणार!" जमावात मी आणि थिएटरचा सुतार.

पहिल्या प्रयोगानंतर मामांनी माझी पाठ थोपटली. "दोघांत शंभर माणसं उभी केलीत, लेको!"

सुतार माझ्याकडे बघत राहिला. ऐनवेळी दाराची बिजागरी निखळली म्हणून तो प्रवेशभर तोंडात खिळे धरून बसला होता. आणि मला ठसका लागला होता.

पुढच्या प्रयोगाला आम्ही मुद्दाम गप्प राहिलो. जमाव वेळेवर आला. पडदा आणि विटांची भिंत यांच्यामध्ये आम्ही दोघं कसेबसे मावायचो. आवाज आमच्या पाठीमागून येत होता.

मामांना सांगितलं, तर म्हणाले, "फुकट येतात, चहासुद्धा मागत नाहीत. तुमच्यापेक्षा बरे!"

"मामा, काल त्यांनी मला घरच्या नावानं हाक मारली," ताई म्हणाली. "नाटकातल्या नाही."

"मी आहे ना दारात? नाही म्हटलं की गप्प होतात की नाही?"

होत होते. पण प्रत्येक प्रयोगाला जरा जास्त कुरकुरत.

मग रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी मामांचा घसा पार बसला.

"रद्द करा," मी हात जोडले.

मामांनी बाहेर बोट दाखवलं. 'हाउसफुल्ल'. जन्मात पहिल्यांदा लागलेली पाटी. तिचा रंगही अजून ओला होता.

"ते विचारणार, मामा," ताई म्हणाली. "जोरात सांगाल ना?"

मामांनी गरम पाण्याचा घोट घेत मान डोलावली.

जमाव आला. पडदा हलत नव्हता, पण माझ्या मानेवर श्वास लागत होते. ताईचं नाव सगळीकडून येत होतं.

मामा दार अडवून उभे राहिले. तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"नाही देणार!" मीच ओरडलो. जिवाच्या आकांतानं ओरडलो.

माझा आवाज त्यांच्या गलक्यात जाऊन मिसळला. मी जमावातलाच होतो ना.

मग मामांच्या उत्तरासाठी सगळे एकदम गप्प झाले.

प्रेक्षकांना वाटलं, काय तो पॉज! टाळ्या पडल्या.

ताईनं मामांना हळूच बाजूला केलं आणि ती दारातून गेली. मामांनी पाहिलं. भरलेल्या थिएटरनं पाहिलं.

दारामागे मी आणि सुतार उभे होतो. दार उघडलं, मिटलं. आमच्याकडे कुणीच आलं नाही.

सुतारानं बॅटरी खाली मारली. भिंतीला लागून ताईच्या चपला होत्या. कुणाच्या घरात शिरताना काढतो तशा, शेजारी-शेजारी, नीट लावलेल्या.