डाव्या पायाचं भूत

“बसा. मान वर. आणि आता अजिबात बोलायचं नाही हं!”

खुर्चीतला माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. पण तिने त्याची हनुवटी चिमटीत धरली आणि हिरवट करड्या रंगाचा एक पट्टा त्याच्या गालावर ओढलासुद्धा. बाहेर झोंबींची अख्खी रांग रंगायची होती, पाऊस पाडायला पाण्याचा टँकर येऊन उभा होता, आणि दिग्दर्शक भोंग्यातून सगळ्यांच्या नावाने ओरडत होता. अशा वेळी एकेका मढ्याचं म्हणणं ऐकत बसायला मेकअपवालीला कुठली सवड!

“डोळ्यांखालची काळी वर्तुळं तर घरूनच आणलीत,” ती कौतुकाने म्हणाली. “झोपत नाही वाटतं?”

“अहो, मी एडि—”

“ओठ हलवू नका. चिकटवलेली जखम सुटेल.”

तो गप्प बसला. जरा जास्तच खुशीत गप्प बसला, पण ते तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

टँकरचा पाऊस सुरू झाला. झोंबी हात पुढे करून चिखलातून निघाले, आणि ती हातात स्पंज घेऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहिली. तिचं ते वर्तुळांवालं मढं सुरेख चाललं होतं. मध्येच ते थांबलं. शेजारच्या झोंबीच्या पायांकडे त्याने निरखून पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि मान वर करून सरळ तिच्याकडे बघितलं. बघितलं, आणि मग बघतच राहिलं. पाणी नाकावरून ओघळत होतं, तरी पापणी लवली नाही.

“कट! कॅमेऱ्यात कोण बघतंय रे ते?” दिग्दर्शक तरातरा पुढे गेला आणि जागीच थबकला. “अरे, हा तर आपला एडिटर!”

सगळा सेट खो खो हसला. बिचारा एक शंका विचारायला आला होता आणि चुकून रांगेत उभा राहिला होता. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“आता हे निघतं कसं?” त्याने विचारलं. रंग ओघळून सदऱ्यावर आला होता.

“तेलाने. बसा, काढून देते… सॉरी हं.”

“घाई नाही,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी तो पुन्हा दारात हजर. “कानामागे अजून थोडा राहिलाय वाटतं.”

तिने बघितलं. कानामागे काही नव्हतं. तरी तिने कापूस फिरवला.

पुढच्या आठवड्यात दुसरा कान. मग मान. येताना तो तिच्यासाठी कोडंही घेऊन यायचा. सिनेमा होता विनोदी, मेलेली माणसं उठून आपापलं घर शोधत फिरतात असा, पण दिग्दर्शकाने त्यात जागोजागी जुन्या भयपटांच्या खुणा लपवल्या होत्या. कुठे बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, कुठे वाऱ्याशिवाय हलणारा झोपाळा. जाणकारांनी ओळखावं आणि मनातल्या मनात सलाम करावा.

“काल लाल छत्री सापडली,” तो म्हणायचा. “सांगा, कुठली?”

“बोटीवरच्या भुताची. सोपं होतं.”

“तुम्हाला बरं सगळं माहीत!”

“मी भुतांच्या घरातली आहे,” ती म्हणायची आणि हसायची. तो मात्र हसायचं विसरून बघत राहायचा… ते टँकरच्या पावसातलं बघणं. अशा वेळी ती त्याच्या स्वच्छ कानावरूनच पुन्हा पुन्हा कापूस फिरवायची. मग ती स्वतःलाच दटावायची, काम कर बाई, काम कर.

एक दिवस तो फारच ऐटीत आला.

“तुमच्या कपडेपटाची लाज राखली मी. प्रत्येक गर्दीत एका झोंबीचा डावा बूट गायब! दर वेळी माणूस वेगळा, पाय तोच. असे सगळे शॉट काढून टाकले. एवढी मोठी चूक, आणि कोणाच्या लक्षात नाही!”

तिच्या हातातली तेलाची बाटली टेबलावर आपटली.

“चूक?” ती म्हणाली. “चूक?… ते माझे बाबा आहेत!”

त्याला काही कळेना. ती खुर्चीत बसली आणि रागारागाने सांगत सुटली. तिचे बाबा जन्मभर स्वस्तातल्या भयपटांत भूत झाले. तोंडावर मुखवटा, पडद्यावर नाव नाही, आणि सिनेमा सुरू होऊन पाच-दहा मिनिटं होत नाहीत तोच मरण. आई पहिल्या नंबरची भित्री. थिएटरात डोळ्यांवर हात घेऊन बसायची आणि बोटांच्या फटीतून फक्त पडद्याचा खालचा भाग बघायची. मग नवऱ्याला ओळखणार कसं? म्हणून बाबा प्रत्येक मरणाआधी डावा बूट काढायचे. उघडा पाय दिसला की आई शेजारणीला कोपराने ढोसायची, ‘आमचे हे!’

“थोरांना सलाम करायला सगळं जग आहे,” तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. “पहिल्या दहा मिनिटांत मरणाऱ्याला कोण करतंय? मी केला. प्रत्येक गर्दीत एका झोंबीचा डावा बूट मीच काढायला लावला. खास खेळाला आई-बाबांना बोलावलंय मी. आता बाबा काय बघतील… तुमची हुशारी?”

तो पांढराफटक पडला. रंग न लावता झोंबी.

“मला विचारायचंत तरी,” ती म्हणाली.

“तुम्ही तरी कोणाला विचारलंत?” तो हळूच म्हणाला.

ते मात्र खरं होतं. विचारलं असतं तर दिग्दर्शक नाही म्हणाला असता, आणि नाही ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. घरी तिला मुंगळा म्हणत. डोकं तुटेल, पण चावा सोडणार नाही.

“परत घाला,” ती म्हणाली.

“सिनेमाची लांबी ठरलीय. आणि दिग्दर्शकालाही ती चूकच वाटेल.”

“मग वाटणार नाही असं काहीतरी करा. एडिटर ना तुम्ही? मी इथून हलणार नाही.”

खोली तिची, खुर्ची तिची, त्यामुळे तिच्या न हलण्याला तसा अर्थ नव्हता. पण तो उठला तो सरळ आपल्या एडिटिंगच्या खोलीत गेला. ती मागोमाग.

सगळी सकाळ दोघं पडद्यासमोर बसली होती. काढलेले पाय एकेक करून परत येत होते, पण खरंच, चूकच वाटत होती. कोणीतरी त्या पायाकडे बोट दाखवायला हवं होतं. एकदा बोट दाखवलं की प्रेक्षक पुढचे पाय आपणच शोधेल.

“एक शॉट आहे,” तो शेवटी म्हणाला. मानेपर्यंत लाल झाला होता. “पण तो… मी कोणाला दाखवणार नव्हतो.”

“दाखवा.”

टँकरचा पाऊस. वर्तुळांवालं मढं थांबतं, शेजाऱ्याच्या उघड्या पायाकडे बघतं, आठी घालतं. मरूनही चूक शोधायची खोड जात नाही. मग मान वर. आणि ते बघणं. पडद्यावर ते एवढं मोठं, एवढं उघड होतं, की तिला खुर्चीत नीट बसवेना.

“हे तुम्ही… कॅमेऱ्याकडे बघताय.”

“कॅमेरा डावीकडे होता,” तो म्हणाला.

तिने हात पुढे करून शॉट मागे नेला आणि पुन्हा लावला. अशा वेळी बोलायचं काय असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

दुपारी दिग्दर्शक आला. मढ्याची आठी पाहून तो हसला, पुढचा पाय त्याने आपणहून ओळखला, त्याच्या पुढच्याला तर टाळीच दिली. मग तो गंभीर झाला. “छान आहे. पण लांबी वाढता कामा नये. जागा कुठून आणणार?”

“तुमचं ते भिंतीवरचं घड्याळ काढा,” ती म्हणाली.

एडिटरने डोळे मिटून घेतले.

“घड्याळ? अगं, ते म्हणजे भयपटाच्या पितामहाला वंदन आहे!”

“पितामहाला आहेत की हजार नातवंडं! माझ्या बाबांना मी एकटी आहे.” ती दाराशी उभी राहिली. “तुमच्याच एका जुन्या सिनेमात मेलेत ते. जिन्यावरून पडून. आठवतात का?”

दिग्दर्शकाने आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ. चेहरा काही आठवला नाही, कारण चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, “बूट वर राहिला होता… जिन्यात. मी स्पॉटबॉयवर ओरडलो होतो.” मग एडिटरकडे वळून म्हणाला, “काढ घड्याळ.”

खास खेळाच्या दिवशी आई सवयीने डोळ्यांवर हात घेऊन बसली. बाबा ताठ, इस्त्रीचा सदरा घालून. मुलीने मढी रंगवलीत, ती बघायला आलोय, एवढंच त्यांना माहीत होतं. बाबांच्या शेजारी ती, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला एडिटर.

पाऊस सुरू झाला. मढं थांबलं, त्याने खाली बघितलं. थिएटर हसलं. आणि त्या हसण्यात आईचा आवाज चिरकला, “अहो… अहो, पाय!”

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. पुढचा पाय आला, मग त्याच्या पुढचा. लोक आता वाट बघू लागले होते, दिसला की टाळ्या वाजवत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आईने जन्मात पहिल्यांदाच भुताच्या सिनेमात डोळ्यांवरचे हात खाली घेतले होते, कारण एका हाताने तिने बाबांचा हात धरला होता आणि दुसऱ्याने ती शेजारच्या अनोळखी बाईला ढोसत होती.

आभार मानायला ती एडिटरकडे वळली. तो दाढ काढायला बसल्यासारखा खुर्चीचे हात घट्ट धरून समोर बघत होता. खाली त्याचा डावा पाय उघडा होता. बूट बाजूला, त्यात मोजा नीट दुमडून ठेवलेला.

“हे काय?” तिने कुजबुजत विचारलं.

“गर्दीतून… एकीने ओळखावं म्हणून.” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “कानामागचा रंग केव्हाच गेलाय. माझ्याकडे आता कारणं उरली नाहीत.”

“मग उगाच ये,” ती म्हणाली. तिने आपली डावी चप्पल सरकवली आणि गार जमिनीवर पाय त्याच्या पायाला लावून ठेवला. “रोज ये.”

दिवे लागले. टाळ्या चालूच होत्या. सगळे पडद्याकडे बघत होते, पण आईची नजर सवयीने खालीच होती. तिने बाबांना कोपराने ढोसलं.

बाबा वाकले. त्यांनी ते दोन पाय पाहिले, आणि मान वर करून त्या पोराला नीट न्याहाळलं.

“मी मरताना काढायचो बूट,” ते म्हणाले. “तू कशाला काढलास?”

“मीही… त्याच बेतात आहे, काका.”

“अजिबात मरायचं नाही,” आई म्हणाली. “बूट घाल, आणि घरी चल चहाला.”