एकशे तेराव्या पानापासून

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाच्या टेबलावर एक कोरी वही उघडून ठेवली होती. यंदा किती पुस्तकं वाचणार, तो आकडा प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचा, असा त्यांचा फतवा. ती रांगेत लागली तेव्हा तिच्या पुढे एक उंच माणूस उभा होता, निळ्या जाकिटावर लिफ्ट कंपनीचा बिल्ला लावलेला. त्याने ऐटीत 'साठ' लिहिलं आणि पेन मागे दिलं. तिने ते घेतलं, जराशी घुटमळली आणि लिहिलं – 'एक'.

दुसऱ्याच्या आकड्यावर डोकावू नये, पण तो डोकावलाच.

"एकच? फार जाडजूड आहे का?"

"नाही. दोनशे पानं."

"मग वर्षभर करणार काय?"

"त्यातली एकशे बारा झालीत," ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न येण्याआधी बाहेर पडली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. खालची ओळ दिसते का, आता स्पष्ट की मघाशी... दिवसभर लोकांना वाचायला लावायची आणि स्वतः दोन वर्षांत एक ओळ वाचली नव्हती. त्याआधी, बाबांची नजर गेल्यापासून, रोज संध्याकाळी ती त्यांना वाचून दाखवायची. शेवटची कादंबरी एका नावाड्याची होती. नदीवर पूल झाला आणि त्याच्या नावेत कुणी बसेना. बाबा मध्येच थांबवून लेखकाशी भांडायचे, मग पुन्हा ऐकायचे. एकशे बाराव्या पानावर ते म्हणाले, "बास, उरलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं, आणि तिथून ती एकटीच परत आली.

पुस्तक तसंच उशाशी पडून होतं. दूरच्या शहरातून दादाचा फोन यायचा. जेवलीस का, वहिनी आठवण काढते, इकडेच ये की राहायला. ती "बघू" म्हणायची. फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की फ्रिजची घरघरसुद्धा सोबत वाटायची.

पुढच्या रविवारी वाचनकक्षात तो नेमका तिच्या समोरच येऊन बसला. आठवड्यात दोन पुस्तकं वाचून झाली, असं त्याने आपणहून सांगितलं. तिने हळूच विचारलं, काय होतं त्यांत?

"एक बाई असते," तो म्हणाला, "ती गाव सोडून जाते... आणि मग... मग बरंच काही होतं."

तिला हसू फुटलं. तोही हसला, पण ते हसू चेहऱ्यावर फार टिकलं नाही. पुढे त्याने जे सांगितलं ते खालच्या आवाजात. बायको तीन वर्षांपूर्वी निघून गेली होती, भांडण-तंटा काही नाही. तुम्ही घरी असूनही घरात नसता, एवढंच ती म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. आता कामावरून आलं की तो पुस्तक उघडायचा ते झोप येईपर्यंत. आत काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. एक पुस्तक संपलं की तेवढ्या संध्याकाळी सरल्या.

मग तिनेही बाबांचं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं ते. तो हळहळला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "मला ऐकता चांगलं येतं. लिफ्टच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते ओळखतो मी. वाचून दाखवाल?"

ती नाही म्हणाली. आणि पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन आली.

आत मोठ्याने वाचायला बंदी, म्हणून ती दोघं जिन्याच्या वळणावरल्या बाकावर बसली. एकशे तेराव्या पानाच्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवून ती अडली. तो खिडकीबाहेर बघत राहिला, जणू त्याला दिवसभर वेळ होता. मग तिचा आवाज फुटला... एक ओळ, दुसरी, अख्खं पान.

दर रविवारी दोन-तीन पानं व्हायची आणि उरलेला वेळ वादात जायचा. त्याच्या मते नावाडी हट्टी होता.

"तुमच्या नावाड्याने सरळ दुसरं काम बघावं."

"माझा कसा तो?"

"त्याची बाजू घेताना तुमचे कान लाल होतात, म्हणून म्हटलं."

उन्हाळ्यात एकदा तो दुकानात आला, डोळे तपासायला. अंधाऱ्या खोलीत तिने त्याच्या नाकावर चौकट चढवली, भिंग बदलण्यासाठी जवळ वाकली. त्याने श्वास रोखून धरल्याचं तिला जाणवलं.

"आता स्पष्ट दिसतं?"

"दिसतं... अक्षरं सोडून सगळं."

तिच्या हातातलं भिंग निसटता निसटता राहिलं. नंबर मात्र तिने बरोबर काढला.

वर्ष उतरणीला लागलं तशी ती सावकाश वाचू लागली. तरी ऑक्टोबरातल्या एका रविवारी शेवटची ओळ आलीच. "संपलं," तो म्हणाला, उठला, तिचे आभार मानले आणि जिना उतरून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

ठरवलेलं पार पडलं होतं. तिला हलकं वाटायला हवं होतं. पण बाकावर एकटी बसल्यावर तिला कळलं, की बाबांच्या नसण्याची तिला एव्हाना सवय झाली होती. जो चालत येऊ शकतो, त्याचं न येणं मात्र सोसवत नव्हतं.

सोमवारी तिने सुट्टी काढली. लिफ्टच्या कंपनीत चौकशी केली. तो एका नऊ मजली इमारतीत कामावर असल्याचं समजलं. तिथली लिफ्ट बंद होती. ती जिन्याने सहाव्या मजल्यावर पोचली, तेव्हा तो उघड्या दारापाशी हत्यारं मांडून बसला होता. तिला बघून उठायचंही त्याला सुचलं नाही.

"तुम्ही आला नाहीत," ती धापा टाकत म्हणाली.

"पुस्तक संपलं ना." तो हातमोजे काढत राहिला. "ते वाचन तुमच्या बाबांचं होतं. मी आपला... त्यांच्या जागेवर बसलेला. वाटलं, आता उठावं."

"सुरुवातीला बाबांसाठीच वाचत होते," ती म्हणाली. "नंतर नाही. शेवटच्या एका पानावर मी दोन रविवार काढले. कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की," तो म्हणाला. "मी उगाच वाद घालून तिसरा काढला."

खालून कुणीतरी ओरडून विचारलं, लिफ्ट कधी सुरू होणार? त्याने कठड्यावरून वाकून सांगितलं, अजून अर्धा तास. मग पायरीवर स्वच्छ फडकं अंथरलं आणि थर्मासच्या झाकणात तिला चहा ओतून दिला. आता काय वाचायचं, असं त्याने विचारलं.

"आज काही नाही. आज तुम्ही बोला."

"काय बोलू?"

"घरी गेल्यावर काय करता, ते सांगा. कुलूप उघडल्यापासून."

तो तिच्या शेजारी बसला. आधी अडखळला, मग सांगू लागला... दिवा लावतो, खिडकी उघडतो, चपला दारातच राहतात... ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने आपला हात त्याच्या तेलकट हातावर ठेवला. तो क्षणभर थांबला.

"थांबू नका," ती म्हणाली.

अर्धा तास कधीच उलटून गेला होता.