सात नंबरची बेल

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जिच्या बाबतीत घडली ती सिस्टर आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही.

पेशंटला "अजिबात दुखणार नाही" म्हणते, तेवढं सोडून.

वार मंगळवार. दुपारचे चार. बायकांचा वॉर्ड. भेटीची वेळ नुकतीच संपलेली.

अकरा दिवसांपूर्वी याच वॉर्डात, सात नंबरच्या बेडवर, तिच्या सासूबाई गेल्या होत्या.

सासूबाई बेल फार वाजवायच्या. उशी सरकली, बेल. पंखा जोरात, बेल. किती वाजले, बेल. बेडजवळचा खटका खाली केला की ती सिस्टरांच्या टेबलावर वाजायची, आणि कोणीतरी जाऊन तो वर करेपर्यंत थांबायची नाही. त्यावर तिथल्या सिस्टरांचा जुना उपाय होता. टेबलावरच्या त्या बेडच्या बेलच्या डबीत कापूस कोंबायचा.

त्या दिवशी तिने कापूस कोंबला आणि आधी चार्ट पूर्ण केले.

ती बेडजवळ पोचली तेव्हा सगळं संपलं होतं; सासूबाईंचं बोट खटक्यावरच होतं.

दफनाच्या वेळी पाद्रीसाहेब म्हणाले, प्रभू धीर देईल. तिने मान हलवली. कधी, ते विचारायचं राहून गेलं. रडू आलं नाही. रोज प्रार्थनेला बसायची. गुडघे दुखायचे, बाकी काही व्हायचं नाही.

तर मंगळवारी, चार वाजता...

बेल वाजली.

सात नंबर.

तो बेड रिकामा होता. सकाळी तिनेच त्यावर चादर घातली होती.

आवाज बारीक होता... दबलेला... कापसातून आल्यासारखा.

तिने डबी उघडली.

आत कापूस नव्हता.

वॉर्डातल्या मावशी फडकं हातात घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. तिने त्यांना खटका वर करून यायला सांगितलं.

"तुम्हीच जा, सिस्टर. सासू तुमची. माझी नुसती तोंडओळख होती."

बेल वाजतच होती. कोणी गेलं नाही तर ती वाजतच राहणार, हे तिला आत्ता नीट कळलं. अकरा दिवस उशिरा.

तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला.

"प्रभू, मला धीर वगैरे काही येत नाहीये," ती हळूच म्हणाली. "तू पुढे हो. मी मागून येते."

आणि निघाली. बावीस पावलं. पुढे खरंच कोणी होतं का, असं नवऱ्याने नंतर विचारलं. ती म्हणाली, असणारच, नाहीतर मी गेले असते का?

चादर गुळगुळीत होती. उशी मात्र... डावीकडे सरकलेली. मधोमध खळगा.

खटका खाली होता.

"आले, आई," ती म्हणाली. "उशीर झाला."

उशी सारखी केली. खटका वर केला.

बेल थांबली.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने सगळं उघडून पाहिलं, वहीत "दोष नाही" असं लिहिलं आणि चहा पिऊन गेला.

रडू तिला अजून आलेलं नाही. कापसाचा उपाय मात्र तिने वॉर्डात बंद केला. सात नंबरवर आता पित्ताशयाची एक बाई आहे. बेल वाजली की सिस्टर लगेच उठते, क्रूस मुठीत धरते आणि जाते.

बहुतेक वेळा ती त्या बाईनेच वाजवलेली असते.