अंड्याची वीज कोण पितंय?

"नाक कुठंय हिला?"

"नाक नाही, शेपूट नाही, आवाज नाही! ही मोटार नाहीच मुळी, हे अंडं आहे, अंडं!"

मोटार क्लबच्या गॅरेजसमोर असा काही हशा पिकला, की भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून तर नाव भिंगरी! त्यात तिच्या मामाला कोणी हसलं की संपलंच.

सुट्टीत ती आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा मामाकडे आले होते. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. आणि वेळ मिळेल तसं खटपट करून त्यानं विजेवर चालणारी एक गाडी बनवली होती. पांढरी, गोल, उंच. तिला बाजूला दारंच नव्हती! पुढचा सगळा चेहरा दारासारखा उघडायचा आणि लिफ्टमध्ये शिरावं तसं सरळ चालत आत शिरायचं.

मामाच्या गल्लीत गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती क्लबच्या गॅरेजमध्ये उभी असे. आणि क्लबमधल्या प्रत्येकाला तिच्याविषयी मत होतं. एकेकाला तर दोन-दोन होती.

"सौंदर्य म्हणून काही असतं की नाही?" दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांची लाल गाडी इतकी बुटकी होती, की उतरताना ते आधी जमिनीवर हात टेकायचे.

"दिसण्याचं सोडा हो, उपयोगाचं बोला," जीपवाल्या, शाळेत कवायत घेणाऱ्या ड्रिलच्या बाई म्हणाल्या. "ही तोंड भिंतीला लावून उभी केली, तर आतला माणूस बाहेर कसा येणार?"

मामानं डोकं खाजवलं. "भिंतीला लावायचीच नाही."

"वा! म्हणजे चप्पल छान आहे, फक्त घालून चालायचं नाही!"

पुन्हा हशा. सगळ्यात मोठा आवाज क्लबच्या अध्यक्षांचा, म्हणजे बिनसायलेन्सर काकांचा. त्यांच्या जुन्या हिरव्या गाडीला सायलेन्सर होता, त्यांच्या घशाला नव्हता.

"अरे, मोटार कशी कानाला कळली पाहिजे!" काका गरजले. "डोळे बांधा माझे! कुठली गाडी, कुठल्या गियरमध्ये, सगळं सांगतो. तुझ्या या अंड्याचं काय ऐकायचं? डोंबल?"

"मामा, सांग ना त्यांना काहीतरी!" भिंगरी त्याचा शर्ट ओढत म्हणाली.

आणि मामा बोलला. नको तेवढं बोलला.

"रविवारी टेकडीवर क्लबचा वाढदिवस आहे ना? केक आमच्या घरूनच येतो. मागच्या वर्षी डॉक्टरांच्या गाडीतून आला, तेव्हा तीन मजली केकचा तळमजला झाला होता! यंदा केक माझ्या गाडीतून वर येईल. अख्खा. नाही आला तर ही गाडी मी माझ्या हातांनी खोलून टाकीन."

"शब्द?"

"शब्द!"

घरी जाताना पंडितनं चष्मा वर सरकवला. पंडित म्हणजे मामाचा मुलगा. वय बारा, बोलणं बासष्टचं. "बाबा, असं का बोललात?"

"निघून गेलं तोंडातून," मामा पुटपुटला.

मामी मात्र खूश होती. तिची छोटी बेकरी होती, आणि केक पोचवताना दर वळणावर तिचा जीव टांगणीला लागायचा. "सपाट तळ, गियरचे हिसके नाहीत. माझ्या केकला ह्याहून काय हवं? दिसू दे की अंड्यासारखी!"

आणि दुसऱ्याच सकाळी घोटाळा झाला.

संध्याकाळी मामानं गाडीची बॅटरी पूर्ण भरली होती. रात्री काही वायरला जोडून ठेवायचं नाही, असा क्लबचा नियम. म्हणून वायर काढून, कुलूप लागताना तो घरी आला. सकाळी बघतो तर विजेचा काटा खाली! जवळजवळ एक तृतीयांश वीज गायब!

पुढच्या सकाळी तेच. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच!

"बॅटरी गळतेय," मामा म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता. "गळकं भांडं कितीही भरा, चढावर दगा देणारच."

"कोणीतरी रात्री फिरवून आणत असेल!" भोंग्यानं आवाज लावला. शेजारच्या खिडकीतली मांजर पळाली.

"हळू! आणि किलोमीटरचा आकडा तोच आहे," पंडित म्हणाला. "गाडी जागची हललेली नाही."

"मग वीज प्यायलं कोण? भूत?" भिंगरी गाडीभोवती गरागरा फिरत होती. "कुलपाची किल्ली कोणाकडे असते?"

"प्रत्येक सभासदाकडे किल्ली आहे," मामा म्हणाला. "आणि गाड्यांच्या चाव्या गाड्यांतच लावलेल्या असतात. आग लागली तर कोणालाही कोणाचीही गाडी बाहेर काढता यावी, म्हणून."

भिंगरीचे डोळे चमकले. म्हणजे कोणीही आत येऊ शकत होतं! आणि तिला लगेच आठवला तो दातांचा डॉक्टर. तळमजल्याचा टोमणा त्याला चांगलाच झोंबला होता!

तेवढ्यात गाडीतून किंकाळी आली. "माझं चॉकलेऽऽट!"

भोंगा काल संध्याकाळी स्टिअरिंगसमोर चॉकलेट विसरला होता. आता तो वेष्टन हातात धरून उभा होता आणि त्यातलं चॉकलेट पसरून, चपटं होऊन पुन्हा घट्ट झालं होतं.

"कोणीतरी त्यावर बसलं!" भोंगा रडकुंडीला आला.

"स्टिअरिंगसमोर कोण बसेल, बावळटा?" भिंगरीनं चॉकलेट हिसकावलं. "हे वितळलंय! पण सकाळी बोटं गारठतात इथे, वितळलं कसं?"

पंडितनं चष्मा पुसला. याचा अर्थ त्याला काहीतरी सुचलं होतं. "हीटर! हात गरम करायला आईसाठी बाबांनी बसवलाय. तो बकाबका वीज पितो."

"पण हीटर कोणी लावला, तर सकाळी चालू सापडायला हवा ना?"

"नाही. तासभर कोणी काही हलवलं नाही, की गाडी आपोआप बंद होते, चावी आणि बटणंही परत जागेवर येतात. लिफ्टमधला दिवा विझतो ना, तशी. बाबांचीच युक्ती!"

तिघं धावत काकांकडे गेली. ते अध्यक्ष, त्यांनीच चौकशी करायला हवी. काका हिरव्या गाडीखाली झोपले होते, फक्त बूट दिसत होते.

"काका, आमच्या गाडीतला हीटर रोज कोणीतरी लावतंय!"

"काहीतरीच!" बूट गरजले. "माझ्या क्लबात असं होत नाही. आणि पोरांनो, हीटरनं कधी गाडी अडते का? उलट इंजिन तापलं की आम्ही हीटर लावतो, सगळी उष्णता आत ओढून घेतो. मोटारीतलं तुम्हाला काय कळतंय? पळा!"

मामाला सांगितलं, तर तो थकल्या आवाजात म्हणाला, "वितळलेल्या चॉकलेटवरून कोणाचं नाव घ्यायचं नसतं गं. मी उद्या सकाळी बॅटरी उघडतो."

"पण उघडलीस तर रविवारपर्यंत परत जोडून होईल?"

मामानं पान्यांची पेटी पुढे ओढली. म्हणजे नाही!

उद्या सकाळी. त्याच्या आत चोर सापडायलाच हवा होता. भिंगरीला त्या रात्री पांघरूण टोचत होतं, उशी टोचत होती, घड्याळाची टिकटिकसुद्धा टोचत होती.

फटफटलं तशी तिघं गॅरेजमध्ये पोचली. पंडितनं बापाची किल्ली उचलली होती आणि उशीवर तशी चिठ्ठीही ठेवली होती, कारण तो पंडित होता. आत शिरून, दाराचं कुलूप आतून पुन्हा लावून तिघं ड्रिलच्या बाईंच्या जीपमध्ये, मागच्या ताडपत्रीखाली दडली.

"मला शिंक येतेय," भोंगा कुजबुजला. त्याची कुजबुज रस्त्यापर्यंत गेली असावी.

"गिळ!"

"शिंक गिळतात का?"

"तू गिळ!"

दार करकरलं. भिंगरीनं ताडपत्रीची कड उचलली. आता लाल गाडीवाला डॉक्टर येणार, आणि...

आले ते बिनसायलेन्सर काका! गळ्यात मफलर, हातात कॉफीचा थर्मास. आधी त्यांनी गॅरेजचं मोठं दार सताड उघडलं. मग एकेका गाडीच्या बॉनेटवर थाप मारत, चावी फिरवत निघाले.

"काय राणीसाहेब, झोप झाली?" हिरवी गाडी धडधडली. "चल गं बुटके, ऊठ!" डॉक्टरांची लाल गाडी गुरगुरली. जीपही सुरू झाली आणि ताडपत्रीखाली तीन जोड्या दात कडकड वाजू लागले. शेवटी काका अंड्यापाशी थांबले. इकडेतिकडे पाहून त्यांनी पांढऱ्या पत्र्यावर हळूच हात फिरवला.

"तू आमच्यातला नाहीस, पण तुलाच एकट्याला थंड कसा ठेवू रे?"

त्यांनी अंड्याचा चेहरा उघडला, आत बसून चावी फिरवली, हीटरचं बटण पूर्ण वळवलं आणि थर्मास खाली ठेवून बाहेर आले.

भिंगरीचा आ वासला. "हे तर... हे तर गाड्या गरम करतायत!"

थोड्या वेळानं काका परत ओळीनं निघाले. हिरवी बंद. लाल बंद. जीप बंद. मग त्यांनी मान तिरकी केली, कानाला तळहात लावला.

"झालं! सगळं शांत!" आणि ते दाराकडे चालू लागले.

अंड्यातला हीटरचा लाल दिवा मात्र पेटलेलाच होता!

"कानानं बंद करतात!" पंडित कुजबुजला. "ज्याचा आवाज येतो तेच चालू! आपल्या गाडीला आवाजच नाही!"

"आणि काल आपण मदत मागायला गेलो ती ह्यांच्याकडेच! काखेत कळसा आणि गावाला वळसा!" भिंगरी उठलीच. "पण मोठी माणसं आपलं ऐकणार का? हे म्हणतील, मी सगळ्या बंद केल्या!"

तेवढ्यात काका थबकले. "अरेच्चा, थर्मास!" ते परत आले, अंड्यात शिरले आणि तिथेच टेकले. "वा! इंजिन बाकी ऊब छान धरतं हं!" त्यांनी चेहरा ओढून लावला आणि निवांत कॉफी ओतली.

ड्रिलच्या बाईंचा प्रश्न भिंगरीच्या डोक्यात लखकन चमकला. तोंड भिंतीला लावलं तर...

"ते हत्यारांचं कपाट! चाकंवालं! ढकला!"

तिघांनी जोर लावला. कपाट खडखडत गेलं आणि अंड्याच्या तोंडाला जाऊन भिडलं. भिंगरीनं चाकांचे अडसर पायानं दाबले.

"ए! कोण आहे रे? उघडा!" बिनसायलेन्सर काका आतून गरजले, आणि काच बंद असूनही पत्रे थरथरले.

"भोंग्या, आता!"

"माऽऽमाऽऽ!" भोंग्यानं सकाळपासून गिळलेली सगळी कुजबुज एका दमात बाहेर काढली. मामा पान्यांची पेटी घेऊन येतच होता, तो पळत सुटला. मागून ट्रॅकसूटमधल्या ड्रिलच्या बाई आल्या आणि अर्धी दाढी केलेले डॉक्टरही आले.

"भिंगरे! काकांना कोंडलंस?" मामा ओरडला. "काढ ते कपाट!"

"काढते, पण एकच प्रश्न! काका, गाडी बंद आहे की चालू?"

"बंद! कधीच केली बंद! आवाज येतोय का काही?" काका मफलर सोडत म्हणाले. कपाळावरून धारा वाहत होत्या.

"मग तुम्हाला घाम का फुटलाय?"

काकांनी कपाळाला हात लावला. हीटरकडे पाहिलं. लाल दिव्याकडे पाहिलं. मग चावीकडे.

कपाट बाजूला झालं तेव्हा ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी रोजच सगळ्यांच्या गाड्या गरम करतो. थंड इंजिन पळवलं की झिजतं..."

"काका, तिला इंजिनच नाहीये!" पंडित म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही अंडं उबवत होतात!" ड्रिलच्या बाई म्हणाल्या आणि सगळे पोट धरून हसले. मामा मात्र आधी त्या पांढऱ्या पत्र्याला टेकून उभा राहिला. डोळे मिटून. "बॅटरी चांगली आहे," तो म्हणाला. "माझी बॅटरी चांगली आहे!" पान्यांची पेटी त्यानं उघडलीच नाही.

भिंगरीनं डॉक्टरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बरं झालं, नाव घेतलं नव्हतं!

रविवारी टेकडी चढताना अंड्यात मामा, तिन्ही मुलं आणि मधोमध तीन मजली केक होता. आवाजच नसल्यामुळे रस्त्यातली माणसं बाजूला होईनात, म्हणून हॉर्नच्या जोडीला खिडकीतून भोंगा! पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. भिंगरी काट्याकडे बघायची, केककडे बघायची, परत काट्याकडे.

"बस ना गं शांत!" मामा म्हणाला. त्याचीही नजर सारखी काट्याकडे जात होती.

तिसऱ्या वळणावर हिरवी गाडी वाफा सोडत उभी होती. काका रस्त्यावर.

"थांबू?" मामानं विचारलं. काटा तळाशी टेकत आला होता. एक माणूस वाढला तर वर पोचणं अवघड होतं.

"थांब," भिंगरी म्हणाली. "आम्ही तिघं उतरतो. काका केक धरतील."

मुलं शेवटचा चढ धापा टाकत चढली. वर पोचली तेव्हा अंडं कठड्यापाशी उभं होतं, तोंड उघडून, आणि काका केक हातात धरून बाहेर येत होते. तीनही मजले जागच्या जागी! मामी टाळ्या पिटत होती.

"वर पोचवणं हा तर लिफ्टवाल्याचा धंदाच!" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी केकचा पहिला तुकडा भिंगरीला दिला.

"डोकं वापरलंत पोरांनो," ड्रिलच्या बाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "पण लिफ्टवाले, मागून एक दार करा हं. पुढच्या वेळी आत मी असेन."

"उद्याच करतो!" मामा म्हणाला.

काकांनी घसा खाकरला. "माझं मत बदललेलं नाही. दिसायला ते अंडंच आहे." मग ते मामाकडे वळले. "पण उतरताना मी चालवू का?"

"चालवा. उतारावर तिची बॅटरी थोडी थोडी भरतही जाते."

काका बसले. चावी फिरवली, दिवा लागल्याचं डोळ्यांनी नीट पाहून घेतलं आणि निघाले. मागे तिघं दाटीवाटीनं बसली होती. झाडांमधून वारा येत होता, चाकांखाली खडी कुरकुरत होती, कुठे तरी एक पक्षी ओरडत होता. हे सगळं चक्क ऐकू येत होतं!

टेकडी संपेपर्यंत बिनसायलेन्सर काका एक अक्षरही बोलले नाहीत. आणि भिंगरी? भिंगरी पहिल्यांदाच एका जागी बसली होती.