उत्तरदाती क्रमांक सतरा

वस्तीच्या सभेत एका दाढीवाल्याने माझी सात नंबरची बाटली सरळ तोंडाला लावली, तेव्हा मी किंचाळलेच.

"अहो, ते तपासणीचं पाणी आहे! नाल्याजवळच्या नळाचं!"

त्याने घोट गिळला. "मग निष्कर्ष...?"

"उद्या सकाळी तुम्हीच सांगा."

तो समाजशास्त्रज्ञ निघाला, आमच्या पाणी आंदोलनावर प्रबंध लिहायला आलेला. मी रसायनशास्त्रवाली. दर आठवड्याला चौदा नळ तपासून आकडे फळ्यावर मांडायचे, हे माझं काम. आमच्या पाण्यासाठी नेमलेल्या चौकशी समितीपुढे त्याचाच प्रबंध जाणार होता, म्हणून मी मुलाखत दिली. एक नाही, नऊ! त्याच्या वहीत मी 'उत्तरदाती क्रमांक सतरा'. दर वेळी रेकॉर्डर बंद केल्यावर तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा... आणि पेनाचं टोपण शोधत बसायचा.

आईसुद्धा वैतागली. "एवढ्या वेळात तुझ्या बाबांनी मला विचारून, नकार ऐकून, पुन्हा विचारलं होतं!"

काल त्याच्या खोलीत प्रबंधाचा मसुदा चाळला. सोळानंतर थेट अठरा. आकड्यांचा तक्ताही गायब.

डोकंच फिरलं. "मला वगळलंत? दोन वर्षं नळांपुढे उकिडवी बसले, ती उगाच?"

"विद्यापीठाचा नियम आहे," तो खिडकीबाहेरच्या पावसाला म्हणाला. "जिच्याबाबत संशोधक तटस्थ नाही, तिची माहिती—"

"तटस्थ नाही म्हणजे?"

त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... त्या बाटलीपासूनच नाही."

राग मात्र उतरेना. "हे विद्यापीठाला कधी कळवलंत?"

"एप्रिलमध्ये."

"आणि मला?"

"आत्ता."

कपाळावर हात मारावा की त्याच्या दंडावर, कळेना.

"मी आवडले म्हणून नळाचं पाणी शुद्ध होतं का हो? मुलाखती काढा. आकडे ठेवा, ते कुणीही पुन्हा मोजू शकतं."

त्याने मसुदा पुढे ओढला. "हे मला सुचायला हवं होतं."

"बरंच काही सुचायला हवं होतं."

त्याने समासात 'तक्ता पुन्हा घालणे' असं लिहिलं. मग हळूच विचारलं, "आणि सतरा नंबर...?"

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि टोपण लावून टाकलं. इतका वेळ ते माझ्याच मुठीत होतं.

"वगळा. पण आईला कारण तुम्ही घरी येऊन सांगायचं. आणि पाणी... मी देईन तेच प्यायचं."