पडद्याबाहेरचा हात

"साहेब, सांजेला फौजदार मले धरून नेणार हाय!" चंद्रभान दारातूनच म्हणाला.

वर्ध्याचे खासगी गुप्तहेर नरहर बोधनकर यांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचे मित्र बंडोपंत यांनी आपला आधी संपवला. कोणतंही संकट आलं तरी चहा गार होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

चंद्रभान एका धर्मादाय इस्पितळात रक्त तपासत असे. आदल्या दिवशी अल्लीपूरच्या सुलोचनाच्या पोटात बैलाने शिंग खुपसलं आणि महाधमनीला बारीक छिद्र पडलं. तातडीची शस्त्रक्रिया उत्तम झाली. मग रक्ताची बाटली लावली, तशी तिला हुडहुडी भरली, लघवी काळी झाली, आणि पोर गेली. बाटलीतलं रक्त तिच्या गटाचं नव्हतं.

"गट म्या तपासला होता," चंद्रभान रडकुंडीला आला. "गेल्या दसऱ्याले म्या बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, म्हनून गाववाल्यांवर डूख धरून खोटा गट सांगतला, असं लोक म्हनून राह्यले. मी काऊन मारीन तिले?"

"बाटलीत रक्त कोणाचं होतं?"

"तिच्या नवऱ्याचं, बापूरावचं. एकदम जुळलं."

"आणि तपासायला तिचं रक्त कसं घेतलंत?"

"बायकांच्या वॉर्डात आमी मानसं जात नाई. पडद्यातून हात बाहेर येते, तिथंच सुई टोचतो. कोपरापासून बोटापर्यंत स्पिरिटनं पुसला, काईच आड आलं नाई."

नरहर उठले. बंडोपंतांना टोपी शोधावी लागली.

इस्पितळात डॉक्टर प्रभाकरराव खिडकीशी सुन्न उभे होते. "रक्त पाहूनच मी बापूरावला शब्द दिला होता, बायको वाचेल म्हणून. गावापासून रक्त सांडत आली, तरी हिमोग्लोबिन धडधाकट बाईसारखं! असे रोगी तरतात, बोधनकर. घात कुठे झाला तेच कळत नाही."

"शस्त्रक्रियेच्या वेळी अंगावर काही दागिना?"

"हिरवा चुडा. सासूने उतरवू दिला नाही. फडकं गुंडाळून काम केलं."

"टाकाच सुटला असणार," बंडोपंत कुजबुजले. नरहरांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

व्हरांड्यात बापूराव भिंतीला टेकून बसला होता. शेजारी त्याची आई जिजाबाई. बापूराव पाळण्यात असतानाच ती विधवा झाली होती.

"तुम्ही सुनेजवळ होतात?" नरहरांनी विचारलं.

"पडद्याआड आमी दोघीच होतो," ती हुंदके देत म्हणाली. "लेक नवती मले, तिलेच लेक मानली. अंगात काई उरलं नवतं पोरीच्या, तरी हे सुई घेऊन आलते!"

फौजदाराने येऊन चंद्रभानचा दंड धरला, तेव्हा नरहरांनी डॉक्टरांसह सगळ्यांना तिथेच थांबवलं.

"इतकं रक्त सांडलेल्या बाईचं हिमोग्लोबिन चांगलं कसं? कारण तपासलेलं रक्त तिचं नव्हतंच. तिच्या मनगटावर चुडा होता. चंद्रभानने पुसलेल्या हातावर एकही बांगडी आड आली नाही. पडद्याआड दोघीच होत्या. आणि बापूरावचं रक्त लगेच जुळलं, ते कोणाशी?" त्यांचा आवाज खाली आला. "जिजाबाई, हात तुमचा होता."

"व्हय, माह्याच होता," जिजाबाई सहज म्हणाली. "तिच्यातलं थेंबभर बी जाऊ नये, म्हनून म्या माह्यं देल्लं. त्यात काय बिघडलं?"

नरहरांनी आजवर कितीतरी गुन्हेगारांचे चेहरे पडताना पाहिले होते, पण इथे त्यांनाच मान वर करवेना.

"तुमच्या रक्ताशी जुळलं, ते तिला दिलं," ते कसंबसं म्हणाले. "तिला ते विष झालं."

ती नरहरांकडे बघत राहिली. मग मुलाकडे. मग पुन्हा नरहरांकडे.

"मंग म्या मारली तिले? माह्या लेकाच्या रक्तानं?"

फौजदाराने चंद्रभानचा दंड सोडला. सुटला तरी चंद्रभान जागचा हलला नाही. त्याचेही डोळे वाहत होते.

बापूराव उठला. तो आईवर हात टाकणार, या भीतीने बंडोपंत पहिल्यांदाच चपळाईने पुढे झाले. पण त्याने वाकून आईच्या काखेत हात घातला.

"उठ माय," तो म्हणाला. "तिले घरी न्याचं हाय. आंघोळ तुलेच घालाव लागन."